हलगी ऐकली की काटा येतो, पण वर्गात सांगायचं कसं?

काकू, नमस्कार. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही चौघं मिळून खोली घेऊन राहतो. आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला लावलं. विषय होता, माझं आवडतं संगीत आणि ते ऐकताना मला काय वाटतं. एकानं कोरियन बँडवर सांगितलं, एकानं रॅपवर. एक मुलगी किशोरीताई आमोणकरांवर इतकं छान बोलली की सरांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. माझी पाळी आली तेव्हा 'मला अरिजितची गाणी आवडतात, ऐकली की रिलॅक्स वाटतं' एवढं म्हणून मी खाली बसलो. अरिजित आवडतो, ते काही खोटं नाही. पण खरं म्हणजे मला हलगी आवडते. जत्रेत हलगी कडाडायला लागली की अंगावर काटा येतो आणि कधीकधी रडूच येतं. सगळे नाचत असतात आणि मी बाजूला उभा राहून डोळे पुसत असतो. हे नॉर्मल आहे का? माझे चुलते हलगी वाजवतात, आजोबाही वाजवायचे. कॉलेजात हे कुणाला माहीत नाही. दुसरं म्हणजे, मध्यंतरी रात्री मोबाइलवर मल्लिकार्जुन मन्सूर यांचं गाणं लागलं आणि ते संपेपर्यंत मी जागचा हललो नाही. खोलीतला मित्र तबला शिकलाय. तो म्हणाला, 'राग कुठला ते तरी कळलं का तुला?' मला नव्हतं कळलं. आता सरांनी तेच सगळं दोन पानांत लिहून मागितलंय, महिनाअखेरीस भित्तिपत्रकात लावणार आहेत. मी लिहायला बसतो आणि 'मन प्रसन्न होतं' याच्या पुढं गाडीच जात नाही. काय लिहू? आणि वडील म्हणतात, कानात बोळे घालून अभ्यास होत नसतो. तेही सांगा.

— एक विद्यार्थी

बाळा,

तुझं नाव, गाव आणि कॉलेज काढून टाकलंय. ओळख पटेल अशा आणखी एकदोन गोष्टी बदलल्यात. तेव्हा निर्धास्त वाच, आणि खोलीतल्या कुणी वाचून 'हा तूच काय रे?' असं विचारलं तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

आधी त्या तबला शिकलेल्या मित्राचं बघू. तुझ्या पत्रातली निम्मी भीती त्याच्या एका वाक्यातनं आलीय असं मला वाटतं. 'राग कळला का?' हा प्रश्न वाईट नाही, पण मन्सूरांचं गाणं ऐकणाऱ्याला तो विचारणं म्हणजे जरा गंमतच आहे. मन्सूर जयपूर घराण्याचे, आणि ती गायकी अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांसाठी आणि जोडरागांसाठीच ओळखली जाते. दोन राग असे एकमेकांत विणलेले की मैफलीत चांगले मुरलेले श्रोतेसुद्धा शेजारच्याच्या कानाशी लागून 'कुठला हो हा?' म्हणून हळूच विचारतात. तेव्हा तुला कळलं नाही यात नवल काहीच नाही. तुझ्या मित्राला तरी कळला होता का, हे विचारायचं राहिलं बघ तुझं.

आणि मन्सूर तुला परके कसे? माणूस धारवाडजवळचा, पण गाणं आपल्या गावावरनं गेलेलं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. त्यांच्या मुलांपैकी दोघं, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ. मन्सूर आधी मंजी खाँसाहेबांकडं शिकले आणि १९३७ साली ते गेल्यावर भुर्जी खाँसाहेबांकडं. वर्गातली ती मुलगी ज्या किशोरीताईंवर बोलली, त्यांची आई मोगूबाई कुर्डीकर, त्याही अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या. म्हणजे टाळ्या मिळालेलं तिचं गाणं आणि खोलीत एकट्यानं ऐकलेलं तुझं गाणं एकाच घरातलं. खाँसाहेबांची स्वतःची गोष्टही तुला माहीत असलेली बरी. तरुणपणी अति गाण्यानं त्यांचा आवाज बसला आणि तो पहिल्यासारखा परत कधी आलाच नाही. त्यांनी गाणं सोडलं नाही. जो आवाज उरला होता त्याला मानवेल, त्याला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली म्हणून हात जोडतो ती गायकी तीच.

आता मी तुला एक विचारते. त्या रात्री तू गाणं ऐकत होतास तेव्हा मुखडा फिरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की तुझी मान हलत होती का? मला पैजेवर सांगता येईल, हलत होती. या गायकीत तान कितीही गुंतागुंतीची होऊ दे, लयीवरची पकड सुटत नाही. बुवा कुठल्या कुठं जाऊन येतात आणि आता चुकले की काय असं वाटेतो बरोबर समेवर येऊन उतरतात. ज्याच्या कानाला लहानपणापासून लयीची सवय आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. तुझं लहानपण हलगीच्या शेजारी गेलंय. राग तुला कळला नसेल, पण लय तुला कळली, आणि ती तुझ्या मित्राच्या आधी कळली असेल. त्यानं तबल्याच्या वर्गात पैसे भरून जे घेतलं ते तुला घरात मिळालंय. त्याला हे सांगायला जाऊ नकोस, उगाच भांडण होईल, खोली एकच आहे.

रागाचं नाव शिकायचं असेल तर जरूर शिक. नाव कळलं की गाणं आणखी उघडतं, यात शंका नाही. देवल क्लबात मैफल असेल तेव्हा जाऊन मागच्या रांगेत बस. १८८३ पासूनची संस्था आहे, तिथं मागं बसणारे आजवर किती येऊन गेले असतील. कुणी तुझी परीक्षा घेत नाही. पण नाव कळेपर्यंत आवडायचं थांबायचं, असा काही नियम नाही.

तू पत्रात एक शब्द वापरलायस, 'साधी'. 'हलगीसारखी साधी गोष्ट' असं लिहिलंयस. जागेअभावी ते वाक्य वर छापलं नाही, पण मला ते खटकलं. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या बाजूनं तू रोज जात असशील. त्याच्या पाठीला लागून काय आहे? खासबाग मैदान. शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायत दौऱ्यात रोमचं कलोझियम पाहिलं आणि तसं कुस्तीचं मैदान कोल्हापुरात हवं असं मनात घेतलं, असं सांगतात. १९१२ साली मैदान उभं राहिलं आणि १९१५ साली शेजारी पॅलेस थिएटर, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. एकाच राजानं, तीन वर्षांच्या अंतरानं, एकमेकांना चिकटून बांधलेल्या दोन जागा. एकीत ऑर्गनवर नाट्यपदं, दुसरीत मातीवर पैलवान आणि कडेला हलगी. जोड फिरायला लागली की हलगी हळू असते, पकड बसली की चढते, आणि चितपटीला आली की वाजवणारा आणि बघणारा दोघांनाही भान राहत नाही. भिंतीच्या अलीकडचं संगीत आणि पलीकडचं साधं, असं महाराजांनी तरी मानलेलं दिसत नाही.

रडण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना संगीत ऐकताना अंगावर काटा येतो अशा लोकांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं आणि मेंदूत काय होतं ते पाहिलं. सुखाची जाणीव देणारं डोपामाइन नावाचं द्रव्य काटा येतो त्या क्षणी तर सुटतंच, पण त्याच्या आधीही सुटतं, आता ती जागा येणार म्हणून जीव वाट बघत असतो तेव्हा, आणि तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. हलगीचं सगळं बांधकाम या वाट बघण्यावर आहे. लय चढत जाते, चढत जाते, जोडीचं वाद्य घुमकं खालून छातीत धडका देतं, कैताळाचा, म्हणजे झांजांचा, खणखणाट वरनं, आणि तोडा कधी पडतोय म्हणून अंग ताणून धरलेलं असतं. तो पडला की काहींचे पाय सुटतात आणि काहींचे डोळे. तुझे डोळे सुटतात. शिवाय तुझे आजोबा आता नाहीत असं तुझ्या 'वाजवायचे' या शब्दावरनं वाटतं. तसं असेल तर आणखी कारण शोधायला नको. पोरगा असून रडतोस याची लाज वाटत असेल तर २०२४ च्या ऑगस्टमधली ती रात्र आठव. नाट्यगृह पेटलं तेव्हा या शहरातली मोठमोठी माणसं, कलाकार, प्रेक्षक, रस्त्यावर उभी राहून ढसाढसा रडत होती. कुणी त्यांना हसलं नाही.

आता अवघड गोष्टीकडं येऊ. चुलते हलगी वाजवतात हे तू कॉलेजात का सांगितलं नाहीस, ते तू लिहिलेलं नाहीस आणि मी खोदून विचारणार नाही. आपण दोघंही याच जिल्ह्यातली. हलगी पिढ्यान्‌पिढ्या कुणी सांभाळली, बहुतेक गावांत मातंग समाजानं, कुठं आणखी कुणी, आणि गावानं त्या घरांना कुठं बसवलं, हे आपल्याकडं सांगावं लागत नाही. पालखीपुढं हलगी हवी, लग्नात हलगी हवी, मैदानात हलगी हवी. वाजवणारा मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं आणि पंगतीत सगळ्यांच्या मागं. गावानं हलगीला मान दिला, हाताला दिला नाही. आता दिवस बदललेत असं लोक म्हणतात. थोडे बदललेतही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात तेव्हा हलगीवर सगळेच नाचतात, पोरंपोरी व्हिडिओ काढतात, शिवजयंतीला हलगीची पथकं सुपारी घेऊन येतात. पण 'हलगी भारी वाजली' असं म्हणणाऱ्या पोराला 'माझे चुलते वाजवत होते' असं सांगायचं झालं तर छाती लागते, हे मला ठाऊक आहे.

म्हणून एक स्पष्ट सांगते. 'लाजू नकोस, अभिमानानं सांग' असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या छातीवर शौर्य गाजवणं सोपं असतं. वर्गात बसायचं तुला आहे, खोलीत राहायचं तुला आहे. चुलत्यांचं सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कधी, हा तुझा हक्क. सर, मी किंवा ती टाळ्या मिळवणारी मुलगी, कुणाचाही त्यात संबंध नाही. न सांगता लिहिलंस तरी ते खोटं होत नाही. 'आमच्या गावातले एक हलगीवाले' असं लिहिलंस तरी त्यातलं एक अक्षर खोटं नसेल. आणि सांगायचं ठरवलंस तर आणखी एका माणसाला विचारायचं आहे, ते म्हणजे स्वतः चुलत्यांना. भिंतीवर त्यांच्याविषयी काही लागणार असेल तर त्यांना आधी माहीत असायला हवं.

माझं मत विचारशील तर आधी पुरतं लिही, चुलत्यांसकट, आजोबांसकट, कुणाला दाखवायचंच नाही असं धरून. मग दोन दिवस बाजूला ठेव. मग ठरव, भिंतीवर काय जाईल आणि वहीत काय राहील. आधीच गाळायला बसलास तर 'मन प्रसन्न होतं' एवढंच उरणार. तुझी गाडी तिथंच अडतेय, आणि मला वाटतं अडायचं कारणही हेच आहे. तुला शब्द सुचत नाहीत असं नाही. जे सुचतायत ते तू लिहू देत नाहीस.

पुरावा तुझ्याच पत्रात आहे. दुसऱ्या पानावर तळाला पाच ओळी तू खोडल्यायस. निळ्या पेनानं, आडव्या रेघा मारून, पण उजेडात धरल्यावर वाचता आल्या. त्या मी इथं छापत नाही, तू खोडल्यायस म्हणजे त्या तुझ्या. एवढंच सांगते की त्यात शेकोटी आहे, चुलत्यांचा अंगठा आहे, आणि हलगी कानाजवळ नेऊन ते काहीतरी ऐकतात तेव्हा आजूबाजूच्या पोरांना कुणी न सांगता गप्प व्हावं लागतं, ते आहे. अख्ख्या पत्रात 'रिलॅक्स', 'छान', 'भारी' असे शब्द मला नऊ-दहा ठिकाणी भेटले आणि एकाही ठिकाणी मला काही ऐकू आलं नाही. त्या पाच ओळींत आलं. तिथनं लिहायला सुरुवात कर.

माझंच एक उदाहरण देते, म्हणजे तुझ्या घरात न शिरता मुद्दा कळेल. मला सनई आवडते. यावर मी असं लिहू शकते: 'सनईचे मंगल सूर कानी पडताच मन पवित्र होते व एक वेगळीच अनुभूती येते.' हे वाक्य लग्नपत्रिकेवर छापलं तरी चालेल, इतकं ते कुणाचंही आहे. आता हे बघ: 'लग्नात मी सनईवाल्याच्या गालांकडं बघत राहते. ते फुगलेलेच असतात, तो नाकानं श्वास घेतो आणि सूर तुटतच नाही. माझाच श्वास कोंडतो. मंगलाष्टकं संपतात, सगळे अक्षता टाकतात, माझ्या मुठीत त्या तशाच घामेजून राहतात.' यात मला काय वाटतं ते मी एकदाही सांगितलेलं नाही. तरी तुला कळलं की नाही? मला सनई किती आवडते हे पहिल्या वाक्यापेक्षा दुसऱ्यातनं जास्त कळतं, आणि मी लग्नात जरा वेंधळी असते हेही कळतं, ते जाऊ दे.

तुझ्याकडं सांगायला माझ्यापेक्षा पुष्कळ आहे. हलगी शेकतात कशावर? तुमच्याकडं उसाचं पाचट असेल, नाहीतर रद्दी, नाहीतर वाळकं गवत. त्याच्या धुराचा वास कसा असतो? चामडं ताणलं गेलं हे चुलत्यांना कशावरनं कळतं, आवाजावरनं की हाताला लागतं? पावसाळी हवेत ते सैल पडतं, मग पुन्हा किती वेळा शेकावं लागतं? एका हातातलं जाड टिपरू आणि दुसऱ्या हातातली बारीक काडी, यातली कुठली आधी बोलते? आता फायबरच्या हलग्या आल्यात, त्यांना विस्तव लागत नाही. चुलत्यांना त्या आवडतात का? पालखीपुढची चाल आणि कुस्तीतली चाल यांत फरक काय, आणि चुलते न बोलता घुमकंवाल्याला तो कसा सांगतात, डोळ्यानं की मानेनं? रात्री घरी आल्यावर त्यांचं मनगट दुखतं का, ते जेवतात का, कुणाशी बोलतात? यातल्या निम्म्या गोष्टी किशोरीताईंवर बोललेल्या त्या मुलीला, कोरियन बँडवाल्याला आणि तुमच्या सरांना माहीत नाहीत. मलाही नाहीत. मी विचारतेय ते खरोखर माहीत नाही म्हणून.

सुट्टीला घरी गेलास की चुलत्यांच्या शेजारी बस आणि यातलं एखादंच विचार. मुलाखत घेतल्यासारखं नको. ते शेकत असताना, हात रिकामा असेल तर पाचट पुढं सरकवत विचार. त्यांना आवडत असेल तर फोनवर थोडं रेकॉर्ड कर. महिनाअखेरीआधी घरी जाणं होणार नसेल तर फोन कर. हलगीबद्दल विचारायला पुतण्यानं फोन केला म्हटल्यावर ते आधी घाबरतील, काय झालं म्हणतील, मग अर्धा तास थांबायचे नाहीत.

लिहिताना तीन-चार गोष्टी एवढ्याच लक्षात ठेव. ऐकत ऐकत लिहू नकोस. आधी एकदा सगळं ऐक, फोन पालथा ठेवून, मग बंद कर आणि लिही. काटा कुठल्या जागी येतो ते नेमकं शोध, सुरुवातीला येतो, लय बदलताना येतो की थांबल्यावरच्या शांततेत येतो. काही जणांना तो शांततेत येतो आणि त्यांना वाटत असतं आवाजानं आला. 'मंत्रमुग्ध', 'तल्लीन', 'स्वर्गीय', 'भान हरपून' हे शब्द आले की थांब आणि त्या वेळी तुझे हात कुठं होते ते आठव. 'लहानपणापासूनच मला संगीताची आवड आहे' या वाक्यानं सुरुवात केलीस तर माझं-तुझं जमणार नाही. आणि 'ही लोककला लोप पावत चालली असून तिचे जतन करणे ही काळाची गरज आहे' असा शेवट केलास तर आणखीच नाही. तुला जतनावर लिहायला सांगितलेलं नाही, आवडीवर सांगितलंय.

भाषेचंही विचारलं नाहीस, पण सांगते. घरी जसं बोलतोस तसं लिही. 'हलगी कडाडली' हे तू पत्रात सहज लिहून गेलायस आणि निबंधात तिथं 'हलगीचा निनाद झाला' करशील, मला माहीत आहे. करू नकोस. मराठीच्या सरांना कोल्हापुरी चालत नसेल असं तुला वाटत असेल तर एकदा विचारून घे. ज्यांनी 'काय वाटतं ते सांगा' असा विषय दिला ते बहुतेक हो म्हणतील.

मन्सूर घालायचे का त्यात? दोन पानांत दोन्ही बसतील असं मला वाटत नाही, एकाच्या वाट्याला चार ओळी आल्या तर तो उपरा दिसेल. पण एक जागा आहे. समेवर मान हलली आणि तुला चुलत्यांचा हात आठवला, असं काही त्या रात्री झालं असेल, तर ते लिही. झालं नसेल तर माझ्या सांगण्यावरनं घालू नकोस. अरिजितलाही काही म्हणू नकोस. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून अरिजित ऐकणारा आणि जत्रेत हलगीला रडणारा एकच पोरगा असू शकतो. तसे पुष्कळ आहेत.

राहिलं वडिलांचं. ते निम्मे बरोबर आहेत. शब्द असलेलं गाणं लावून वाचायला बसलास तर पुस्तकातले शब्द आणि गाण्यातले शब्द डोक्यात एकाच दारातनं शिरायला बघतात आणि दोन्ही अडकतात. अकाउंट्सची गणितं सोडवताना कदाचित चालेल, व्यापारी कायदा पाठ करताना नाही. तेव्हा लावायचंच असेल तर नुसतं वाद्य लाव, तेही हळू, आणि हलगी तर मुळीच नको, पाय थांबायचे नाहीत. कानाचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबलचा मात्र ४ तासच. आवाजाच्या सेटिंगमध्ये बऱ्याच फोनवर मर्यादा घालता येते, ती घालून ठेव. जत्रेत हलगीच्या अगदी पुढ्यात तासन्‌तास उभा राहत असशील तर चार पावलं मागं ये. आणि ज्या ताफ्यापुढं डॉल्बीच्या भिंती असतात तिथं चार पावलांनी भागत नाही, तिथनं गल्लीच बदलायची.

रात्रीचे इअरफोन मात्र सोडू नकोस. खोलीत आणखी तिघं झोपलेले असतात, आणि त्यातला एक तबलजी आहे.

— तुझी काकू